स्मृतिभ्रंश, उपनगर आणि स्वयंसेवक: मागण्या कुठवर आल्या?

घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीतल्या एखाद्या जुन्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा डोळ्यांसमोर आणा. संमतिपत्रांचा गठ्ठा हातोहात फिरतो आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या नावापुढची जागा तेवढी रिकामी. शेअर सर्टिफिकेट त्यांच्याच नावावर आहे. सही ते अजूनही झोकात करतात, पण कशावर केली हे दहा मिनिटांनी सांगू शकत नाहीत. सेक्रेटरी म्हणतात, ‘घ्या हो सही, घरातलंच तर काम आहे.’ सून म्हणते, ‘आणि उद्या नणंदबाईंनी विचारलं तर?’

प्रसंग काल्पनिक आहे, पण उपनगरात राहणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. स्मृतिभ्रंशाच्या सार्वजनिक धोरणातले जवळजवळ सगळे प्रश्न त्यात येतात. या माणसाची निर्णयक्षमता कोण ठरवणार? त्याच्या वतीने सही कोण करणार? इमारत पडल्यावर तीन वर्षे भाड्याच्या घरात, जिथे त्याला न्हाणीघरही सापडत नाही, त्याला कोण सांभाळणार? हे प्रश्न सरकारदरबारी नेण्याचे काम आपल्याकडे प्रामुख्याने स्वयंसेवकांनी केले आहे. त्यांच्या मागण्या कोणत्या, त्यांच्यातले मतभेद काय आणि गाडे कुठे अडले आहे, याचा हा आढावा.

शब्द आणि आकडे

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द मराठीत इतके रुळले आहेत की आजाराची पहिली दोन वर्षे त्यांच्याआडच निघून जातात. वर्तमानपत्री मराठीत ‘स्मृतिभ्रंश’ स्थिरावला. तोही अपुरा आहे. मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणाऱ्या प्रकारात आधी वागणे बदलते आणि स्मरण बराच काळ शाबूत राहते. लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसे दिसतात. म्हणून काही डॉक्टर मराठी बोलतानाही ‘डिमेन्शिया’च म्हणतात. जपानने २००४ साली या आजाराचे अवहेलना करणारे जुने नाव सरकारी निर्णयाने बदलले. आपल्याकडे असा निर्णय झालेला नाही, आणि नाव बदलून दृष्टी बदलते का यावर स्वयंसेवकांतही एकमत नाही. अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या जागतिक संघटनेने २०१९ साली १५५ देशांतल्या सुमारे ७० हजार लोकांची मते प्रसिद्ध केली. त्यात आरोग्यसेवेतल्याच ६२ टक्के लोकांना हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग वाटत होता. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना काय बोल लावायचा?

आकड्यांचा वाद जास्त गुंतागुंतीचा आहे. मुंबईत चाळिशीपुढच्या चोवीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले. पुढे देशभरातल्या वृद्धांच्या ‘लासी’ पाहणीला जोडून झालेल्या ‘लासी-डॅड’ अभ्यासाने २०२३ साली साठीपुढच्यांत ७.४ टक्के हे प्रमाण मांडले, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा जास्त आणि ग्रामीण भागात शहरांपेक्षा जास्त निघाले.

वीस वर्षांत आजार तिपटीने वाढला, असा याचा अर्थ काढणे घाईचे होईल. निदानाच्या कसोट्या वेगळ्या, वयोगट वेगळे, चाचण्या वेगळ्या. कधी शाळेत न गेलेल्या आजीला उलटे आकडे मोजायला लावले तर ती चुकणारच. ती चूक आजाराची की निरक्षरतेची, हे वेगळे काढण्यासाठी संशोधकांनी बरीच खटपट केली आहे आणि वाद पुरता मिटलेला नाही. मोठ्या आकड्यावर मंत्रालय लवकर हलते, असे काही कार्यकर्त्यांना वाटते. फुगलेला आकडा पुढे अंगाशी येतो, असे इतरांना. माझ्या मते उपनगरातल्या मागणीसाठी दोन्ही आकडे तितकेसे कामाचे नाहीत. नमुना-पाहणीवरून देशाचा, फार तर राज्याचा अंदाज बांधता येतो. बोरिवलीचा आर-मध्य किंवा मुलुंडचा टी वॉर्ड यांचा नाही, आणि दिवसाचे केंद्र मागायचे तर ते वॉर्डातच मागावे लागते.

चळवळ कुठून आली

भारतातल्या या कामाची सुरुवात केरळात झाली. बालरोगतज्ज्ञ डॉ. के. जेकब रॉय यांच्या वडिलांना हा आजार झाला आणि त्या अनुभवातून १९९२ साली त्यांनी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’, म्हणजे एआरडीएसआय, उभी केली. घरातल्या माणसाने घरातल्या अनुभवावर संस्था काढायची, ही रीत पुढे सगळीकडे दिसते. १९९८ साली कोचीत ‘१०/६६’ हा संशोधकांचा गट जन्मला. जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, पण त्यांच्यावरचे संशोधन दहा टक्क्यांहूनही कमी, हे नावातच सांगून टाकलेले.

मराठी वाचकाला सगळ्यात जवळचा प्रयोग गोव्यातला. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांना दोन गटांत विभागले. एका गटातल्या घरी स्थानिक, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या गृहसल्लागार सहा महिने जात राहिल्या. आजार समजावून सांगणे, आंघोळीला नकार देणाऱ्या माणसाशी कसे वागावे ते दाखवणे, सरकारी योजनेचा अर्ज भरायला मदत करणे, असे साधेच काम. २००८ साली निष्कर्ष आले: सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षणीय कमी झाला, रुग्णाच्या कार्यक्षमतेतला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका नव्हता. स्वयंसेवकांनी यातला पहिला अर्धा भाग उचलला, शंकेखोरांनी दुसरा. दोन्ही अर्धे एकाच अभ्यासातले आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

२०१० साली एआरडीएसआयने ‘डिमेन्शिया इंडिया’ अहवाल काढला. त्यात ३७ लाख रुग्णांचा अंदाज होता आणि हा विषय राष्ट्रीय अग्रक्रमाचा मानावा अशी मागणी होती. केरळ सरकारने २०१४ साली एआरडीएसआयच्या साथीने ‘स्मृतिपथम्’ हा राज्य उपक्रम सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली कृती आराखडा मंजूर केला आणि तीन-चतुर्थांश सदस्य देशांकडे २०२५ पर्यंत आपापले धोरण असावे असे उद्दिष्ट ठेवले. ते गाठले गेले नाही. २०२५ साली आराखड्याची मुदत २०३१ पर्यंत वाढवण्यात आली.

मुंबईत ज्येष्ठांसाठी १९९५ साली डॉ. शीलू श्रीनिवासन यांनी डिग्निटी फाउंडेशन सुरू केले. त्यांच्या कामात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसाची केंद्रेही आली. एआरडीएसआयची मुंबई शाखा काम करू लागली. शैलेश मिश्रा यांनी २००८ साली सिल्व्हर इनिंग्ज काढली आणि पुढे नालासोपाऱ्याला निवासी केंद्र उभारले. शेजारच्याच एका आजाराचे उदाहरणही या मंडळींसमोर होते. पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी २००१ साली मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने वस्तीवस्तीत आधारगट चालवून दाखवले. ते रुग्ण स्वतः गटात येऊन बोलू शकत होते, हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. संस्कृतचे पंडित चक्रपाणि शास्त्री गाडीतून उतरून हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. ती भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. चित्रपट दाखवून नंतर गप्पा, हा कार्यक्रम अनेक ठिकाणी झाला, आणि ‘आमच्याकडेही असंच’ हे वाक्य चारचौघांत उच्चारायला त्याने जागा करून दिली. माहितीपत्रकांना हे क्वचितच साधते.

उपनगरात आज काय आहे

थोडक्यात सांगायचे तर घर आहे आणि बाई आहे. बाई म्हणजे ब्युरोकडून आलेली, बारा किंवा चोवीस तासांची. ती कधी निगुतीने करते, कधी महिन्यात तिसऱ्यांदा बदलते. रुग्णाला नवा चेहरा म्हणजे नवी भीती, आणि बाईलाही या आजाराचे काहीच शिकवलेले नसते. नर्सिंग होमसाठी महाराष्ट्रात १९४९ पासून नोंदणीचा कायदा आहे; घरी येणाऱ्या मावशीच्या प्रशिक्षणाला, पगाराला आणि सुट्टीला तो शिवत नाही.

कूपर, राजावाडी, अग्रवाल, भगवती ही पालिका रुग्णालये तातडीच्या आणि रोजच्या गर्दीतच बुडालेली असतात. सविस्तर तपासणीसाठी अजूनही नायर किंवा केईएमची वाट धरावी लागते. सैरभैर माणसाला घेऊन बोरिवलीहून लोकलने परळ गाठणे काय असते, हे ज्याने केले तोच जाणे. निवासी केंद्रे जागेच्या भावामुळे वसई, कर्जत, पनवेलकडे सरकली आहेत. वडील तिकडे ठेवले की रविवारची भेट महिन्याची होते.

सरकारी योजना कागदावर बऱ्याच आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण मिळाले, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. स्मृतिभ्रंशाचा खर्च रोजच्या सांभाळण्याचा असतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच तीन हजार रुपये, श्रावणबाळ योजनेत गरीब वृद्धांना महिन्याला दीड हजार. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०डीडीबीच्या आजारांच्या यादीत डिमेन्शिया स्पष्ट नावाने आहे, हे अनेक कुटुंबांना करसल्लागार नव्हे तर आधारगटातली एखादी बाई सांगते. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन (१४५६७) आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस (१४४१६) या मोफत सेवा मराठीतून बोलतात.

हरवलेल्या माणसांच्या बाबतीत मुंबईत एक लहानसा पण कल्पक उपाय निघाला. ‘प्रोजेक्ट चेतना’ने गळ्यातल्या लॉकेटवर क्यूआर कोड दिला, कोणीही मोबाइल धरला की घरचा नंबर दिसतो. यावरही आक्षेप आहेच: माणसाला पट्टा बांधल्यासारखे होते, आणि आजार जगजाहीर होतो. पण रात्री अकराला दादर स्थानकावर वडिलांना शोधणाऱ्या मुलीला हा आक्षेप कितपत पटेल?

तीन मतभेद

पहिला मतभेद धोरणाच्या पातळीचा. एका मताचे लोक म्हणतात, स्वतंत्र राष्ट्रीय धोरणाशिवाय स्वतंत्र निधी नाही, आणि निधीशिवाय बाकी सगळी भाषणे. २०१० पासून हीच मुख्य मागणी आहे. दुसरे मत असे की धोरणाच्या कागदाची वाट पाहण्यापेक्षा ज्येष्ठांचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम, मधुमेह-रक्तदाबाची तपासणी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि पालिकेचा ‘आपला दवाखाना’ यांच्यातच हे काम घालावे. लॅन्सेट आयोगाने २०२४ साली चौदा घटक मोजले, ज्यांवर आयुष्यभर लक्ष दिले तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याची शक्यता आहे. कमी ऐकू येणे, कमी दिसणे, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, हवेचे प्रदूषण असे ते घटक. हे सगळे आधीच्या कार्यक्रमांतच बसते, हा दुसऱ्या बाजूचा भक्कम मुद्दा. पहिल्या बाजूचे उत्तरही तितकेच खरे आहे: जिथे सगळ्यांचे काम असते तिथे कोणाचेच नसते.

दुसरा मतभेद लवकर निदानाचा. अमेरिकेत २०२३ साली लेकानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाल्यापासून लवकर तपासा असा आग्रह वाढला आहे, कारण हे औषध आरंभीच्याच टप्प्यात द्यायचे असते. शिवाय लवकर कळले तर मृत्युपत्र, बँकेतली नावे, स्वतःची इच्छा हे सगळे वेळेत मार्गी लागते. विरोधी बाजू विचारते, निदान सांगून घरी पाठवायचे आणि पुढे काहीच द्यायचे नाही, याला मदत म्हणायचे का? नवी औषधे महाग, ठरावीक काळाने सलाइनमधून घ्यायची, वारंवार एमआरआय लागणारी. बहुसंख्यांसाठी आजही डोनेपेझिल, मेमँटिन आणि घरची माणसे हाच उपचार. आधी सेवा की आधी निदान, हा पेच संपन्न देशांनाही सुटलेला नाही.

तिसऱ्याबद्दल बोलताना आवाज चढतात: घर की केंद्र. ‘आईला ठेवली’ या दोन शब्दांत मराठी समाज निकाल देऊन मोकळा होतो. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानेही जबाबदारी मुलांवर टाकली आणि दरमहा कमाल दहा हजारांच्या निर्वाहाची तरतूद केली. पण कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात कोण? बहुतेक घरांत सून, मुलगी, नाहीतर स्वतःच सत्तरीची बायको. जपानने २००० साली दीर्घकालीन देखभालीचा सार्वजनिक विमा आणला, त्यामागे हीच जाणीव होती. मधला मार्ग दिवसाच्या केंद्राचा. पण त्याला ‘म्हाताऱ्यांचं पाळणाघर’ म्हटले की म्हातारे दुखावतात, आणि जागा मागायला गेले की वॉर्ड ऑफिस फाइल पुढे ढकलते.

सही कोणाची

कायद्याचा भाग सगळ्यात कमी चर्चिला गेला आहे, आणि माझ्या मते उपनगरासाठी तोच सगळ्यात तातडीचा. लोक समजतात की वडिलांनी मुखत्यारपत्र दिले आहे, म्हणजे निर्धास्त. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मती गेली की प्रतिनिधित्व संपते. नेमके ज्या दिवसासाठी कागद केला, त्या दिवशी तो निकामी. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये आगाऊ निर्देश आणि नियुक्त प्रतिनिधीची सोय आहे; त्या कायद्यातल्या ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत स्मरणशक्तीचे गंभीर विकारही येतात. पण ती सोय उपचारापुरती आहे. १९८७ च्या जुन्या कायद्यात मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी जिल्हा न्यायालयात जाण्याचा मार्ग होता. नव्या कायद्यात तो राहिला नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक नेमता येतो, मात्र त्यातल्या चार अवस्थांत स्मृतिभ्रंश नाही.

उरते उच्च न्यायालय. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला मान्यता दिली. वाट आहे, पण ती वकील लावूनच चालावी लागते. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ च्या कायद्यात मती गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची तरतूद आहे. तसे इथे आणावे ही एक मागणी. तिच्याबद्दल सावध असणारेही बरेच आहेत, आणि त्यांची भीती पोकळ नाही. जिथे दोन खोल्यांची किंमत कोटीत जाते तिथे टिकाऊ मुखत्यारपत्र हे फसवणुकीचेही टिकाऊ साधन होईल. २०१९ पासून सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासाला ५१ टक्के संमती पुरते. त्यामुळे आजोबांच्या सहीवाचून इमारतीचे अडत नाही. अडते त्यांच्या नव्या घराच्या करारापाशी.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याची गोष्ट वेगळी. मानसिक आजारामुळे आलेले अपंगत्व मोजण्याच्या ‘आयडियाज’ मोजपट्टीत डिमेन्शिया पूर्वीपासून आहे, पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत त्याचे स्वतंत्र नाव नाही. दाखला मिळतो तो ‘मानसिक आजार’ या सदराखाली, आणि त्या दोन शब्दांपाशी कित्येक घरे परत फिरतात. स्वतंत्र नोंद हवी, असे काहींचे म्हणणे. यादी वाढवून कलंक जात नाही, असे इतरांचे.

स्वयंसेवकांविषयी

या कामात असलेले बरेच जण पन्नाशी-साठीपुढचे, निवृत्त, आणि बहुसंख्य स्त्रिया. आई किंवा नवरा गेल्यानंतर त्या आल्या. ज्याच्या घरी आज रुग्ण आहे त्याला सभेला यायला सवड नसते, आणि ज्याला सवड आहे त्याचा रुग्ण गेलेला असतो. ऊर्जा दुःखातून येते आणि दुःख निवळले की ओसरते. मग गट एका-दोघींच्या खांद्यावर राहतो. त्या थकल्या की संपतो.

त्यातच दोन तऱ्हा आहेत. एक सेवेची: महिन्यातून एकदा कोणाच्या तरी हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात जमायचे, मोकळेपणी रडायचे, डायपरपासून डॉक्टरांपर्यंत माहिती वाटायची. दुसरी दबावाची: निवेदने, आमदारांच्या भेटी, माहिती अधिकाराचे अर्ज. सेवावाले म्हणतात, निवेदनाने आजची रात्र निघत नाही. दबाववाले म्हणतात, आपण फुकट चालवत राहिलो तर सरकार कशाला चालवील? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे नगरसेवकच नव्हते, तेव्हा दबावाची बाजू साहजिकच लंगडी पडली. जपानमध्ये २००५ पासून तासा-दीड तासाचे वर्ग घेऊन एक कोटीहून अधिक ‘स्मृतिभ्रंश साहाय्यक’ तयार झाले. दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी मुले. त्यांच्या पाठीशी विमा आणि नगरपालिका होत्या, हे विसरून त्या आकड्याचा दाखला देऊ नये.

दोन अनुपस्थिती मात्र खटकतात. अंधेरी-घाटकोपरच्या सभांत मराठी, गुजराती मध्यमवर्ग भेटतो. असल्फ्याच्या डोंगरावरचे किंवा रमाबाई नगरातले कुटुंब क्वचित. तिथे आजार नसतो असे नाही, सभेसाठी एक दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही. दुसरी अनुपस्थिती खुद्द रुग्णांची. २०१४ पासून स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांची स्वतःची जागतिक संघटना आहे, आणि जपानच्या २०२३ च्या कायद्याने धोरण ठरवताना त्यांचे म्हणणे ऐकणे बंधनकारक केले. आपल्याकडे बोलतो तो सांभाळणारा. त्याचे हित आणि रुग्णाचे हित बहुतेक वेळा एक असते. सही घेण्याच्या वेळी ते एक असेलच असे नाही.

जे सुटलेले नाही

महाराष्ट्राचा स्वतःचा, केरळसारखा उपक्रम असावा की पालिकेपासून सुरुवात करावी, यावर एकवाक्यता नाही. माझा कल पालिकेकडे आहे. वॉर्डातली एक जागा, दोन प्रशिक्षित मावश्या आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर, ही मागणी मोजता येते, आणि नाकारली तर कोणी नाकारली ते कळते. आपल्या उपनगरांत ज्येष्ठ नागरिक संघांचे आणि विरंगुळा केंद्रांचे जाळे आधीच आहे. फेस्कॉमसारखा महासंघ त्यांना जोडतो. पण याच संघांतून स्मृतिभ्रंशाचा माणूस सगळ्यात आधी नाहीसा होतो. तो तेच तेच विचारतो, पत्त्यांत चुकतो, सहलीला नेणे जोखमीचे वाटते. येणे थांबते, वर्गणी थकते, आणि वर्षअखेरीस वहीतून नाव कमी होते. कोणी वाईट हेतूने हे करत नाही.

वाचकांपैकी कोणी अशा संघाच्या कार्यकारिणीवर असेल, तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक विषय घालावा: गेल्या दोन वर्षांत येणे बंद झालेल्या सभासदांच्या घरी कोण जाऊन येणार?